गेनबातात्यांनी गाडी मागून बसवली

गेनबातात्या गेले त्या दिवशी सकाळीच त्यांनी आपल्या पिकअपचे मागचे पाटे काढून आणले. वाघोलीत हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. कारण ती गाडी घेतल्यापासून गावात शेपूट वर करून फिरायची, उधळलेल्या खोंडासारखी. आणि त्या दिवशी ती आळीत शिरली ती मागून बसलेली आणि तोंड आभाळाकडं. आनंदीकाकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग तात्यांकडं बघितलं.

"काय झालं तिला? कंबर मोडली का काय?"

"तुझी मोडत व्हती म्हनून तिची मोडून आनली," तात्या म्हणाले. "चल, आवर. लेकीकडं जायचंय."

"आन् पैलवान?"

"पैलवान न्हाई."

काकूंनी ताट खाली ठेवलं. निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एक झाले, पण त्या दिवशी त्यांनी त्याचं काही मनावर घेतलं नाही.

आता ह्यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. तर पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडाच्या वाकड्या पट्ट्या असतात, एकावर एक रचलेल्या. सगळा भार त्या पेलतात. कंपनी आपल्या हिशोबानं पाटे देते, पण तरकारी वाहणाऱ्या माणसाला कंपनीचा हिशोब कधी पटत नाही. तात्यांनी गाडी नवीकोरी आणली तेव्हा पेढे नंतर वाटले, आधी दोन्ही बाजूंना जादा पाटे टाकून घेतले. तेव्हा हायवेच्या कडेला त्यांची कोबी असायची, कांदा असायचा. मागचा हौदा गच्च भरला, त्याचा फाळका दोरीनं बांधला, की तात्या दोन पावलं मागं जायचे, मान एका खांद्यावर टाकून गाडीकडं बघायचे आणि म्हणायचे, "अजून चार गोन्या बसत्यात." आणि बसायच्या. भरल्यावर गाडी अशी सपाट दिसायची की वरून पाणी ओतलं असतं तरी कुठल्या बाजूला जाऊ म्हणून विचारात पडलं असतं.

मंडईत द्वारकाबाईंच्या गाळ्यावर तात्या माल उतरवायचे. ती बाई लई तोंडाळ. माल चांगला असला तर काही बोलायची नाही, म्हणून तात्या तिच्या गप्प बसण्यावरून ओळखायचे की आज कोबी झकास निघाली. एकदा मेथी थोडी मलूल होती, तर म्हणाली, "गेनबा, मेथीला रात्रभर जागवलंत का? झोपू द्या, सकाळी विकते." तात्यांनी ते घरी येऊन काकूंना तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा स्वतःच हसले.

मग रस्ता मोठा झाला, कॉलेजं आली, सोसायट्या आल्या. भावांची वाटणी झाली, एक तुकडा गेला, मग दुसरा गेला, आणि जिथं कोबी व्हायची तिथं टॉवर उभा राहिला. तात्या रोज त्याच्याकडं मान वर करून बघायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "बगू, किती दिवस टिकतोय." राहिली ती सोसायटीच्या भिंतीला लागून एक पट्टी. तिच्यात मेथी आणि कोथिंबीर. आता मेथीच्या जुड्यांचं वजन ते काय? हौद्यात काही ठेवलंय हे पाट्यांना कळायचंसुद्धा नाही.

आणि जादा पाट्यांची गाडी रिकामी असली की तिच्यासारखी वाईट गाडी नाही. मागचं वर, पुढचं खाली. केबिनमधी बसलेला माणूस हळूहळू घसरत पुढं यायचा, पाय टेकवून धरावं लागायचं. खड्डा आला की मागचं अंग उडायचं आणि मग पुढच्यांची डोकी छताला. वाघोलीत सुपारी तोंडात टाकावी तर खराडीला पोचेपर्यंत आपोआप बारीक.

ह्याच्यावर तात्यांनी स्वतःचा उपाय काढला. गाडी रिकामी आहे म्हणून उडते ना, मग वजन ठेवा. आधी दगड ठेवले. दगड हौद्यात हिंडायला लागले आणि एकानं केबिनची मागची काच फोडली. मग तात्यांनी माणसं बसवायला सुरुवात केली. म्हणायचे, दगडाला मधी बस म्हनून सांगता येत न्हाई, मानसाला येतं. स्टॉपवर कुणी उभं दिसलं की गाडी थांबवायची. "या, बसा. भाडं नको, वजन द्या." मग एकेकाला नीट बघून जागा द्यायची. बारीक माणसं केबिनला टेकून, जाडी माणसं बरोबर ॲक्सलवर. एकदा कॉलेजची एक मुलगी आली, हातात नुसती वही. तात्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तू बशीनं ये. तुजा काय उपयोग न्हाई."

पण लोक रोजच्या रोज मिळत नाहीत. म्हणून एक कायमचं वजन ठरलं होतं, ते म्हणजे सर्जेराव पैलवान. तात्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तरुणपणी जत्रांमधी कुस्त्या करायचा. पुढं कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. बायको कधीच वारलेली, पोरं हिंजवडीकडं राहायला गेलेली, घरात पैलवान आणि टीव्ही. तात्यांनी दारासमोर हॉर्न वाजवला की पैलवान गादी काखेत मारून तयारच असायचा. हौद्यात रिकामं क्रेट पालथं घालायचं, त्यावर गादी, त्यावर पैलवान. गाडी लगेच शहाण्यासारखी चालायची. आणि पैलवानाला त्याचा केवढा अभिमान. लग्नात कुणी विचारलं, आता काय करता, तर सांगायचा, "गेनबाच्या गाडीवर हाय." ड्रायव्हर का, म्हटलं तर म्हणायचा, "न्हाई, पाटा."

हे सगळं ठीक होतं, पण मधल्यामधी काकूंचे हाल झाले. त्यांच्या मणक्याचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना दणका बसता कामा नये. तात्यांनी त्याचा अर्थ घेतला की पैलवान पाहिजे. मग दवाखान्यात जायचं, पैलवान. भाचीच्या लग्नाला जायचं, पैलवान. बरं, तो मागं गप्प बसला असता तर चाललं असतं. केबिनची मागची काच दगडानं फुटलेली, ती तात्यांनी परत बसवलीच नव्हती. काकूंनी हळू आवाजात नवऱ्याला काही सांगावं, तर मागून डोकं आत यायचं, "वहिनी, मी सांगतो ना त्याला."

लग्नाच्या वाढदिवसाला तात्या स्वतःहून म्हणाले, चल, सारसबागेत भेळ खाऊ. काकूंनी नवी साडी नेसली. गाडी आळीतून निघाली ती पैलवानाच्या दारात थांबली. काकू म्हणाल्या, "आजबी?" तात्या म्हणाले, "तुज्याच कंबरेसाठी." तिथं जाऊन पैलवानानं तीन भेळी खाल्ल्या, आणि दोघांचा फोटो काढायला फोन हातात घेतला तो स्वतःचाच काढला. घरी परत आल्यावर काकू खाली उतरल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "ह्या गाडीचं मागचं खाली येत न्हाई तवर मी पुढं चढायची न्हाई."

तात्यांना वाटलं, चार दिवस बोलेल. पण काकूंनी तो शब्द पुढं दोन वर्षं पाळला. कुठं जायचं झालं की मुलगा साईनाथ मोबाइलवरून गाडी बोलवायचा. काकू त्या परक्या गाडीतून घरासमोर उतरायच्या, आणि तात्या ओट्यावर बसून दुसरीकडं बघायचे. आपल्या दारात गाडी असताना आपली बायको भाड्याच्या गाडीतून उतरते, हे त्यांना फार लागायचं. पण पाटे काही काढायचे नाहीत.

साईनाथनं एकदा सरळ विचारलं, "तात्या, काढून टाका ना ते पाटे. भरायला काय राहिलंय आता?"

तात्यांनी गाडीकडं बघितलं. मग म्हणाले, "माल आला तर?"

"कुठून येणार?"

"यायचा तर यील."

काकूंनी आतून ऐकलं. त्यांना कळलं की हे कंबरेचं नाही आणि पैलवानाचंही नाही. पाटे काढले म्हणजे माल संपला हे आपल्या तोंडानं गावाला सांगितल्यासारखं होतं. म्हणून त्यांनी परत कधी पाटे काढा म्हटलं नाही. पण गाडीत बसल्याही नाहीत. दोघंही आपापल्या जागी घट्ट.

आणि मग ऋतिकानं, म्हणजे लेकीनं, कर्वेनगरला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता काकू म्हणाल्या, "मी साईनाथबरोबर मोबाइलच्या गाडीनं जाते. तुमी या मागनं, पैलवान भावजींना घिऊन."

"एका घरातली दोन मानसं दोन गाड्यांतनं?" तात्या म्हणाले.

"मग? लोक इचारतील, सोडचिठ्ठी झाली का. सांगीन, न्हाई, पाटं जादा झालं."

तात्यांनी कप अर्धा ठेवला, किल्ली घेतली आणि निघून गेले. काकूंना वाटलं, रागानं गेले. साईनाथला म्हणाल्या, "तू हो पुढं. मी ह्यांचा राग उतरला की येते."

पुढचं सगळं पैलवानानं नंतर सांगितलेलं. तात्यांनी सवयीनं त्याच्या दारात हॉर्न दिला, तो सवयीनं गादी घेऊन बसला, आणि गाडी केसनंद फाट्याच्या पुढं सुदर्शन पाटेवाल्याकडं गेली. तात्या म्हणाले, "पाटं काढायचंत."

"टाकायचेत म्हणा," सुदर्शन म्हणाला.

"काढायचंत."

"तात्या, ह्या रोडला सगळे टाकायला येतात. काढायला आलेले तुम्ही पहिलेच."

"मग हार घाल."

सुदर्शननं जॅक लावला, बोल्ट सोडवले आणि विचारलं, किती काढू? तात्यांनी शेजारच्या रसवंतीतून एक लिंबू मागून आणलं. केबिनच्या सीटवर ठेवलं. लिंबू घरंगळत पुढं आलं आणि खाली पडलं. तात्या म्हणाले, "हे लिंबू जागेवर थांबंल तवा समजायचं गाडी सरळ झाली." आता हे ऐकायला किती बरोबर वाटतं. सुदर्शनलाही वाटलं. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला, गाडी खाली सोडली, लिंबू पडलं. अजून एकेक काढला, लिंबू पडलं.

"तात्या, तुमचे जादाचे संपले. आता कंपनीचे राहिलेत."

"लिंबू थांबलं का?"

"नाही."

"मग काढ."

पैलवान बिचारा एकेक पाटा खाली पडताना बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "गेनबा, मग माजं काय?"

"तू आता आराम कर."

"मी काय दमलोय व्हय?"

तात्यांनी सुदर्शनला खूण केली. अजून एकेक पाटा निघाला आणि लिंबू थांबलं. तिघांनी वाकून वाकून बघितलं, हललं नाही. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की सुदर्शनचं अंगण पावसाचं पाणी जावं म्हणून रस्त्याकडं उतरतं केलेलं आहे, आणि गाडी तोंड रस्त्याकडं करून उभी आहे. उतारावर सरळ झालेली गाडी सपाट रस्त्याला लागली आणि मागून अशी बसली जशी म्हैस बसते. लिंबू मागं घरंगळलं आणि सीटच्या फटीत गेलं. पैलवान म्हणाला, "गेनबा, आता जरा जास्तीच झालं." तात्या म्हणाले, "तुला हेवा वाटतोय."

तर अशी गाडी घेऊन तात्या दारात आले आणि काकू त्यात चढल्या. बसल्या बसल्या त्यांची पाठ मागं टेकली, जशी आरामखुर्चीत टेकते. समोर रस्ता कमी आणि आभाळ जास्त दिसत होतं. पण पाय टेकवून धरावं लागलं नाही. नगर रोडचे सगळे खड्डे येऊन गेले आणि कंबरेला पत्ता नाही. दोन वर्षांनी नवऱ्याच्या शेजारी, आणि मागं कुणी नाही.

गंमत अशी झाली की बोलायचं काय हे दोघांनाही सुचेना. इतकी वर्षं गाडीत बोलायचं काम पैलवानानं केलेलं. खराडी गेली, विमाननगरचा चौक गेला. तात्यांनी एकदा घसा खाकरला. काकूंनी पदर सारखा केला. येरवड्याच्या पुढं काकूच म्हणाल्या, "भावजी जेवले असतील का?"

"तूच नको म्हनलीस ना."

"नकोच. नुसतं इचारलं."

मग दोघंही हसायला लागले, आणि त्यानंतर कर्वेनगरपर्यंत काकू बोलत होत्या. काय बोलल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच सांगतात की डेक्कनच्या सिग्नलला हिरवा पडला तरी गाडी उभी होती आणि मागचा माणूस हॉर्न वाजवून थकला.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं तोंडात बसलेल्या सवयीनं सांगितलं, "टेम्पो मागच्या गेटनं." तात्या म्हणाले, "टेम्पोत माल असतो. ह्याच्यात घरमालकिनीची आई हाय." ऋतिका खाली धावत आली. आईला तात्यांच्या शेजारून उतरताना बघून तिनं आधी आईकडं बघितलं, मग गाडीच्या मागच्या चाकांकडं, आणि तात्यांच्या पाया पडली. तात्या म्हणाले, "अगं, माज्या काय, पूजेच्या पाया पड." पूजा झाली, जेवणं झाली. तात्यांनी जिलेब्या दोनदा घेतल्या. निघताना त्यांनी पैलवानासाठी जिलेब्यांचा डबा गुपचूप शर्टाआड घातला. खाली गाडीत आल्यावर बघतात तर काकूंच्याही पिशवीत एक डबा.

ऊन उतरता उतरता दोघं घरी आले. तात्यांनी आतून खुर्ची आणली आणि गाडीच्या मागं मांडून बसले. काकूंना म्हणाले, "किती खाली आलीया बग. आता शेळीबी चढंल."

"चहा टाकते," काकू म्हणाल्या.

"टाक. साखर घाल आज."

काकू चहा घेऊन आल्या तर तात्या तसेच बसलेले, मान एका खांद्यावर टाकून. गाडी सरळ आहे का बघायची त्यांची तीच रीत, म्हणून काकू पायरीवर बसल्या आणि बोलत राहिल्या. "सरळच हाय म्हनायची. किती वेळ बगता. मी सांगते ना, मला काय त्रास न्हाई झाला. चहा घ्या." असं किती वेळ बोलल्या कुणास ठाऊक. शेवटी कप पुढं केला, तो कुणी घेईना.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. झोपेत असावेत, कळलंही नसेल.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलं. पैलवान ओट्यावर बसून राहायचा. येईल त्याला सुदर्शनच्या गॅरेजचं सांगायचा, पाटा पाटा मोजून, आणि शेवटी म्हणायचा, "मी म्हनलं व्हतं त्याला, जास्तीच झालं." कुणी तरी म्हणायचं, पैलवान, गप बसा, आत वहिनी हायेत. मग तो गप बसायचा, पुढचा माणूस येईपर्यंत. काकूंनी दोन्ही डबे त्याच्याकडं पाठवून दिले होते. त्यानं त्यातली एकही जिलेबी खाल्ली नाही, हे आळीत मोठं नवल झालं.

दहाव्याला तुळापूरच्या संगमावर जायचं होतं. साईनाथनं तात्यांचीच गाडी काढली. काकू पुढं त्याच्या शेजारी बसल्या, आणि मागं हौद्यात जेवढे पाहुणे मावतील तेवढे चढले. पैलवान सवयीनं मधी. वाघोली सुटली आणि नव्या सोसायट्यांचा रस्ता लागला, तसा पहिला स्पीडब्रेकर आला. गाडीचं पोट त्याच्यावर असं घासलं की रस्त्याकडेची कुत्री उठून बसली. गाडी पुढंही जाईना आणि मागंही.

"सगळे उतरा," साईनाथ म्हणाला.

सगळे उतरले, गाडी पुढं गेली, सगळे परत चढले. जरा पुढं गेलं की दुसऱ्या सोसायटीचा स्पीडब्रेकर. परत उतरा, परत चढा. पांढऱ्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं गुडघ्यावर हात ठेवून उतरत होती, चढत होती, आणि सोसायटीतली पोरं गॅलरीतून बघत होती. साईनाथची आत्या हौद्यातून ओरडली, "आरं, गाडीनं नेतोयस का चालवत नेतोयस? ते एकदा ठरव."

"आत्या, तात्यांनी पाटे काढलेत."

"त्यानं काढले, आन् फेडायचं आमी व्हय?"

अशाच एका स्पीडब्रेकरला सगळे चढले, पण पैलवान चढला नाही. रस्त्याच्या कडेला गादी काखेत घेऊन उभा राहिला. साईनाथनं आरशात बघितलं, डोकं बाहेर काढलं. "काय झालं, पैलवान नाना?"

"तुमी व्हा पुढं. मी येतो चालत."

"संगम अजून लांब आहे, नाना. बसा."

"वजन व्हतंय माजं," पैलवान म्हणाला. रस्त्याकडं बघत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं असेल. 

काकूंनी केबिनचं दार उघडलं. आत सरकल्या. "भावजी, पुढं बसा."

"नको, वहिनी. तुमी म्हनला व्हता..."

"म्हनलं व्हतं. या आता, उशीर व्हतोय. कुठं एकटे चालत येताय."

पैलवान पुढं आला, गादी मांडीवर घेतली आणि बसला. दार लागेना, मग साईनाथ उतरून बाहेरून आला आणि खांदा लावून लावलं. काकू मधी दबून गेल्या. गाडी निघाली. पैलवान समोरच्या काचेतून बघत होता. एवढा वेळ तो गप्प बसलेला काकूंनी कधी बघितला नव्हता.

"बोला की कायतरी," काकू म्हणाल्या.

"काय बोलू, वहिनी?"

"काय बी."

पैलवानानं तोंड उघडलं, आणि साईनाथ म्हणाला, "नाना, आधी जरा तिकडं सरका. आई गिअरवर आलीये, दुसरा टाकायचाय."